वन्समोअर पडला तर पद पुन्हा घ्यायचं का?

मंडळाची सचिव, ब्रह्मपुरी तालुका
नमस्कार जी. आमचं हौशी मंडळ मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या रात्री नाटक करते. यंदा लेकीच्या पाठवणीच्या पदाला वन्समोअर पडला. नायिकेनं अख्खं पद पुन्हा म्हटलं. लोकं खूश, पण दिग्दर्शक म्हणून राहिले की प्रवेश पातळ झाला. नागपूरचा भाऊ म्हणते, याला एन्कोर म्हणतात आणि तो शेवटीच द्यायचा असते. जाणकारांनी सांगा.

पेटीवाला, वडसा
ताई, एन्कोर वेगळा. शब्द फ्रेंच, अर्थ 'आणखी'. गंमत म्हणजे फ्रान्सचे प्रेक्षक स्वतः 'बिस', म्हणजे 'दोनदा' असं ओरडतात. आजकाल गाण्याच्या कार्यक्रमात सगळं आटोपल्यावर टाळ्या थांबत नाहीत म्हणून कलाकार परत येऊन एखादं जादा गाणं म्हणते, तो एन्कोर. वन्समोअर म्हणजे तेच पद, तिथल्या तिथं, नाटक अर्ध्यात असताना. बालगंधर्वांच्या पदांना इतके वन्समोअर पडत की प्रयोग पहाटेपर्यंत चालत. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, तर नाटक रात्रभरच असते. धान निघाला की लोकं चादरी घेऊन येतात, घाई कोणालाच नसते. म्हणून वन्समोअर जास्त पडतात, आणि म्हणूनच सांभाळून घ्यावे लागतात.

वन्समोअर आला की मी आधी नटाकडं पाहतो. तो होता त्याच जागी, त्याच भावात थांबला असेल तर सूर धरून ठेवतो, तबलजी ठेका चालू ठेवते आणि धृपद उचलतो. धृपद आणि शेवटचा अंतरा, बस. नटानं हात जोडले, लोकांकडं पाहून हसला, की पात्र गेलंच समजा. लावणी, नायक-नायिकेचं द्वंद्वगीत, भजन, यांना खुशाल घ्या. पण ज्या पदात गोष्ट पुढं सरकते ते दोनदा म्हणू नये. लेक दाराबाहेर गेल्यावर तिला परत आणून गायला लावलं, तर समोर बसलेल्या आयाबायांचं रडणं खोटं पडते. मला ते सहन होत नाही.

जुना नट, साकोली
पटलं. फक्त एक जोडतो. आमच्याकडं गद्यालाही वन्समोअर पडते, खलनायकाच्या एन्ट्रीच्या डायलॉगला तर हमखास. तो घ्यावा, मागच्या एका वाक्यापासून उचलावा. आणि अख्खं नाटक दुसऱ्या गावी झालं तर तो दुसरा प्रयोग, त्याला वन्समोअर म्हणत नाहीत.

मंडळाची सचिव
लेक बाहेर गेली नव्हती जी. आईच्या गळ्यात पडलेली होती.

पेटीवाला, वडसा
मंग घ्यायला हरकत नव्हती, पण फक्त अंतरा, तोही आईला न सोडता. आणि बक्षीस देणाऱ्यांची नावं तेव्हा माईकवर वाचू नका. पडदा पडल्यावर वाचा, त्यांनाही चालते.