मदत हवी आहे : गायरानातील बेसॉल्टचे खांब खाणपट्ट्यापासून कसे वाचवावेत?

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या कडेला वसलेल्या एका गावात शिक्षक आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आमच्या गायरानात एक टेकडी आहे. तिच्या ओढ्याकडील बाजूला काळ्या दगडाच्या खांबांची डोकी पूर्वीपासून दिसत आणि म्हातारी माणसे त्यांना ‘पांडवांची मोळी’ म्हणत. काही वर्षांपूर्वी पाझर तलावाच्या बांधासाठी तेथून डबर काढले गेले, तेव्हा आतला कडा उघडा पडला. पाच-सहा कोनांचे, एकमेकांना चिकटून उभे असलेले, दोन-तीन पुरुष उंचीचे ते खांब पाहिल्यावर मोळी हे नाव किती नेमके आहे ते कळते.

दख्खनवर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जे विंधन छिद्र घेतले गेले, त्यात या थरांची एकूण जाडी सुमारे ३३८ मीटर भरली. एखादा जाड थर सावकाश निवताना आकसतो, त्याला तडे जातात आणि ते तडे निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून आत सरकत गेले की असे खांब तयार होतात. आमच्या कड्यात खांबांच्या खाली वीतभर जाडीचा विटकरी पट्टा आहे. दोन प्रवाहांच्या मध्ये काही काळ लाव्हा आला नव्हता, त्याची ती खूण. खांबांच्या वर मांजऱ्या खडक आहे आणि त्याच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे पांढरे, हिरवट स्फटिक आहेत. मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला तेथे नेतो. पुस्तकातला ज्वालामुखी मुलांना दूरच्या देशातला वाटतो. त्या पट्ट्यावर हात ठेवला की तो आपल्या गावचा आहे हे त्यांना समजते.

आता याच टेकडीवर खडी क्रशरसाठी खाणपट्टा मागणारा अर्ज आला असून ग्रामपंचायतीकडे ना हरकत मागण्यात आली आहे. विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे येईल. तो पुढे ढकलला गेला, तर दिवाळीपर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या निघून जातील आणि २६ जानेवारीच्या सभेला निम्मे गाव हजरच नसेल. क्रशर आला तर काही जणांना गावातच काम मिळेल, असे अर्जदाराचे म्हणणे आहे. ते मला झटकून टाकता येत नाही, कारण माझ्याच वर्गातील मुले दरवर्षी आईवडिलांच्या कोयत्याबरोबर कारखान्याच्या फडावर जातात. म्हणून केवळ विरोध करायचा नसून, टेकडी कोणत्या रीतीने राखली तर गावाचा चारा, पाणी आणि काम या तिन्हींचा विचार होईल, हे मला समजून घ्यायचे आहे.

मुख्य अडचण कायद्याची आहे. वेरूळचा कैलास याच प्रकारच्या खडकात कोरलेला आहे आणि त्याला १९५८ च्या स्मारक कायद्याचे संरक्षण आहे. तोच खडक माणसाने कोरलेला नसेल, तर त्याच्यावर कोणाचे छत्र, हे मला कोठेच सापडत नाही. आमची टेकडी वनजमीन नाही, त्यामुळे १९८० चा वन संवर्धन कायदाही लागू होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांसाठी केंद्राने विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, परंतु त्याचा कायदा झाला नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके घोषित करते आणि शेजारचे लोणार त्या यादीत आहे. (लोणारचे विवर उल्कापाताचे आहे, ज्वालामुखीचे नव्हे, मात्र ते बेसॉल्टमध्ये पडलेले आहे.) २०२५ मध्ये पाचगणी आणि महाबळेश्वर येथील दख्खनचे थर युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले, याचा आनंद आहेच; पण गायरानातल्या लहानशा कड्याने कोणाचे दार ठोठवावे?

दुसरी भीती प्रसिद्धीची आहे. झिओलाइट शोधणारे लोक छिन्नी-हातोडा घेऊन एकदा येऊन गेले आहेत. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल ही अशाच खांबांची टेकडी आहे. तिला १९५२ मध्येच संरक्षण मिळाले, तरी भोवतालची खोदाई आणि इमारती यांमुळे तेथे आज एक एकाकी सुळका उरला आहे. नुसते खांब वाचवून भोवतीची टेकडी गेली, तर आमच्याकडेही तेच होईल. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा. ग्रामसभेच्या ठरावात नेमके काय असावे, हेही सांगितल्यास फार उपकार होतील.

प्रतिसाद १

गुरुजी, जैवविविधता कायदा, २००२ चे कलम ३७ पाहावे. स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य सरकार जैवविविधता वारसा स्थळ घोषित करू शकते; पुण्याचे गणेशखिंड उद्यान आणि आंबोलीचे हिरण्यकेशी ही आपल्याकडची उदाहरणे आहेत. कायदा सजीवांसाठी आहे, म्हणून नुसत्या खडकावर प्रस्ताव उभा राहणार नाही. तुमच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत टेकडीवरचे गवत, कपारीत घरटी करणारे पक्षी आणि ओढ्यातील जीव यांची नोंद आधी करून घ्यावी. चाऱ्याची काळजी करणाऱ्यांना हे अवश्य सांगा की, मार्गदर्शक सूचनांनुसार अशा घोषणेमुळे लोकांच्या चालत आलेल्या वापरावर, त्यांनी स्वतः ठरवलेले निर्बंध वगळता, बंधन येऊ नये. शिवाय, घोषणेमुळे ज्यांचे आर्थिक नुकसान होईल त्यांच्या भरपाईची योजना करण्याची जबाबदारी त्याच कलमाने राज्यावर टाकली आहे.

त्याच वेळी छायाचित्रे आणि गट क्रमांकासह भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला पत्र लिहून पाहणीची विनंती करावी आणि तिची पोच जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे द्यावी. ठरावात ‘खाण नको’ एवढेच न लिहिता कोणता गट वगळावा आणि कोणत्या पर्यायी जागेला हरकत नाही, हे लिहिल्यास कामाचा प्रश्नही खुला राहतो.

प्रसिद्धीबद्दल तुमची भीती रास्त आहे. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवे हे १९८६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तेथे पर्यटक खांबांच्या फटींत नाणी ठोकतात, ती गंजून फुगतात आणि दगड फुटतो. कोरियातील जेजू बेटावर सात किलोमीटरहून लांब लाव्हा बोगद्याचा सुमारे एकच किलोमीटरचा भाग लोकांसाठी ठरवलेला आहे. आपल्या अजिंठ्यालाही गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबवून पुढे एसटीच्या बसने नेतात. तुमच्याकडे आधी कुंपण, पायवाट आणि राखणदार, पाटी त्यानंतर.

धागाकर्ता

मनापासून आभार. समिती कागदावर आहे, नोंदवही मात्र अपूर्ण आहे. ओढ्यालगतच्या विहिरींना या टेकडीतूनच पाणी झिरपते, तेही त्यात घेतो. पर्यायी जागा म्हणून गावाच्या दक्षिणेकडील जुनी, बंद पडलेली खाण सुचवता येईल. एकच प्रश्न उरतो : सुरुंगाच्या हादऱ्याने सुटे खांब ढासळू नयेत म्हणून कड्यापासून किती पट्टा सोडावा, याची मोजणी ठरावापूर्वी कोणाकडून करून घ्यावी? ग्रामसभेला पाच आठवडे आहेत.