पेशी मेली की मारली?

शेवंती: भाषांतरात अडले आहे. 'जीवविषाने पेशी मारली' असं लिहिलं होतं, संपादकांनी 'पेशीने आत्महत्या केली' असं केलं. मजकूर झाडांना रोग करणाऱ्या जिवाणूंचा आहे; त्यात त्यांचं जीवविष (विषारी द्रव्य) सिरिंगोमायसिन आणि त्यांचं प्रथिन हार्पिन दोन्ही आहेत. एकच क्रियापद चालेल?

मूळाक्षर: नाही. सिरिंगोमायसिन पेशीपटलाला छिद्रं पाडतं, आयन वाहून जातात. तिथे 'मारली'च. हार्पिन पेशीला चिथावतं, पुढचं सगळं पेशीच करते. पडताळा सोपा आहे: सायक्लोहेक्झिमाइडने प्रथिननिर्मिती थांबवा किंवा लँथॅनम क्लोराइडने कॅल्शियमची वाट अडवा. हार्पिन टोचलेलं तंबाखूचं पान मग कोसळत नाही. मरायला जिवंत यंत्रणा लागत असेल तर 'मारली' चूक.

टाकबोरू: पण 'आत्महत्या'ला हेतू चिकटतो. कोशातला 'नियोजित पेशीमृत्यू' घ्या.

खोडसाळ: 'नियोजित' म्हणजे बैठक घेऊन ठरवल्यासारखं! त्यापेक्षा शेतकऱ्याचा 'करपा' काय वाईट?

मूळाक्षर: करपा हे रोगाचं नाव, आणि ते बुरशीजन्य रोगांनाही लावतात. शिवाय प्रत्येक जीवविषाने पान करपत नाही. फॅसिओलोटॉक्सिन हे दुसरं जिवाणूविष पेशीत अर्जिनिन हे अमिनो आम्ल तयार होऊ देत नाही. डागाभोवती पिवळं वलय पडतं, त्यातल्या पेशी जिवंत असतात. ते तयार होतं 18-20 अंशांना. 28 अंशांना जिवाणू वाढवून 'विषच नाही' म्हणणारे भेटतात.

टाकबोरू: मग सरळ 'अपॉप्टोसिस' लिहा. मूळ ग्रीक अर्थ पानं-पाकळ्या गळणं. म्हणजे शब्द झाडाचाच, 'पानगळ' म्हणा हवं तर.

मूळाक्षर: शब्द झाडाचा, पण 1972 साली तो रूढ झाला प्राण्यांच्या पेशींसाठी. वनस्पतीत पेशीचे तुकडे गिळायला भक्षकपेशी नाहीत, मध्ये पेशीभित्तिका आहे, खरे कॅस्पेज (प्राण्यांत हा मृत्यू घडवणारी विकरं) ही नाहीत. झाडाकडून घेतलेला शब्द झाडालाच लागू पडत नाही.

शेवंती: आणि जिवाणू शिरलेल्या जागच्या पेशी झटपट मरतात, त्याला म्हणतात तो 'अतिसंवेदनशील प्रतिसाद'? वाचकाला वाटतं झाड नाजूक आहे.

मूळाक्षर: उलट ते झाड प्रतिकारक असतं. मिलिलिटरला 10 कोटी जिवाणू, बिनसुईच्या सिरिंजने पानाच्या खालून सोडले की टोचलेला भाग एका दिवसात कागदासारखा वाळतो आणि डाग तिथेच थांबतो. रोगाला बळी पडणारं झाड सावकाश करपतं, डाग पसरतो. तुलनेसाठी शेजारी जिवाणूंविना नुसतं 10 मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड सोडायलाच हवं. सिरिंज जोरात दाबली तर तिच्या तोंडाचा गोल वण उठतो आणि लोक त्यालाच प्रतिसाद समजतात.

खोडसाळ: थोडक्यात, 'चिडका प्रतिसाद'.

टाकबोरू: शास्त्रीय मजकुरात चिडका? उद्या 'विद्युतवाहकता वाढली'ऐवजी 'पान गळायला लागलं' लिहाल.

मूळाक्षर: मरणाऱ्या पेशींतून आयन पाण्यात उतरतात आणि पाण्याची वाहकता वाढते, त्याला 'आयनगळती' तर प्रयोगशाळेत रोज म्हणतात. फक्त पानाच्या चकत्या आधी तासभर पाण्यात ठेवून ते पाणी फेकायचं. नाहीतर मीटरवर कापलेल्या कडांचीच गळती मोजली जाते.

टाकबोरू: 'मीटर' नको, 'वाहकतामापक'.