फ्लॅश मारल्यावर मागचं सगळं काळं का येतं?

खोलीत फ्लॅश मारून फोटो काढला की माणूस उजळ येतो, पण मागचं काळं पडतं. यावर फ्लॅशची पॉवर वाढवा असं कुणी सांगतं, पण त्याने मागचा अंधार जाणार नाही, फक्त चेहरे पांढरेफटक होतील. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. माणूस २ मीटरवर आणि भिंत ८ मीटरवर असेल, तर भिंतीवर १/१६ च प्रकाश पोचतो, म्हणजे ४ स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा).

मागचा भाग खोलीतल्या दिव्यांवर उजळवायचा. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तरी चेहऱ्यावरचा फ्लॅशचा प्रकाश तेवढाच राहतो, मागचा मात्र वाढतो. मॅन्युअल मोडवर एफ/४ (लेन्सचं छिद्र), आयएसओ ८०० (सेन्सरची संवेदनशीलता), शटर १/३० सेकंद ठेवून आधी फ्लॅश बंद करून एक फोटो घ्या. मागचं किंचित अंधारं पण ओळखू येण्याइतकं दिसलं की फ्लॅश टीटीएलवर (कॅमेरा स्वतःच फ्लॅशची पॉवर ठरवतो तो मोड) चालू करा. चेहरा भडक वाटला तर फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा प्रकाश कमी-जास्त करायची सेटिंग) -१ करा. माणसं हलत असतील तर कडेला भुतासारखी छाया येते. तेव्हा १/६० करून आयएसओ वाढवा.

उलट शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० च्या आसपास) वर नेलं तर फोटोत काळा पट्टा येतो, कारण सेन्सर एकाच वेळी पूर्ण उघडा नसतो. त्याहून वेगवान शटरवरही फ्लॅश चालवायला हाय-स्पीड सिंक मोड आहे, पण त्यात पॉवर बरीच खर्ची पडते.

पिवळे बल्ब असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पापुद्रा) लावा आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या बल्बच्या पर्यायावर ठेवा. नाहीतर चेहरा निळसर किंवा भिंत केशरी, दोन्हीपैकी एक होणारच. छत पांढरं, बुटकं असेल तर फ्लॅश वर वळवून प्रकाश छतावरून परतू द्या. रंगीत छताचा रंग मात्र चेहऱ्यावर उतरतो.