अनुभव धागा: सोलापुरात घर घेताना दोन भागांची सुरक्षितता कशी ताडून पाहिलीत?

सोलापुरात घर बघायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, "भाग कसाय?" आणि उत्तरही ठरलेलं, "चांगलाय की ओ." एवढ्या उत्तरावर आयुष्यभराची पुंजी लावू नये. एकाच नगरातल्या पहिल्या आणि शेवटच्या गल्लीत रात्री अकरानंतर जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून इथे कुठल्या भागाला नावं ठेवू नका आणि शिफारसही नको. काय तपासायचं, कसं, आणि त्यात चूक कुठे होते, तेवढंच लिहा. उत्तरं खाली, प्रत्येकाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.

सातरस्ता

एफआयआरपासून सुरुवात करा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर बघता येतात. सोलापूर शहर निवडा, ठाणं निवडा, तारखा टाका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची कलमं लागली: घरफोडी 331, राहत्या घरातली चोरी 305, हिसकावून नेणं 304, साधी चोरी 303. गाडीचोरी या शेवटच्या कलमात सापडते. त्याआधीच्या नोंदी जुन्या भारतीय दंड संहितेच्या 457, 454, 380 आणि 379 खाली शोधा.

कलमापेक्षा घटनास्थळाचा रकाना नीट वाचा. ठाण्यापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, कुठल्या बीटमध्ये (ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा छोटा विभाग), हे तिथे असतं. कागदावर त्या भागाचा नकाशा काढून टिंबं देत जा. बहुतेक जण ठाण्याच्या एकूण आकड्यावर थांबतात आणि तिथेच फसतात. विजापूर नाका ठाण्याच्या हद्दीत जुळे सोलापूरही येतं आणि सैफुलही, मग एकूण आकड्यातून तुमची गल्ली कशी कळणार?

आणखी एक. लैंगिक गुन्ह्यांचे आणि पोक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) एफआयआर पोर्टलवर टाकत नाहीत. यादी कोरी दिसली म्हणून बायकांसाठी भाग निर्धास्त, असा अर्थ काढू नका.

कोर्टफी

वरच्याला जोड. बीटवार आकडे हवे असतील तर माहिती अधिकारात मागा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत 30 दिवस. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. "हा भाग सुरक्षित आहे का" असं विचारलंत तर अर्ज वाया जाईल, कारण ते मत झालं, माहिती नव्हे. "अमुक बीटमध्ये गेल्या तीन वर्षांत घरफोडी, जबरी चोरी आणि वाहनचोरीचे वर्षनिहाय दाखल गुन्हे" असं लिहा.

आकडे आले की घरांच्या संख्येने भागा. समजा एका भागात 3000 घरं आणि 12 घरफोड्या, दुसऱ्यात 800 घरं आणि 6 घरफोड्या. पहिल्यात हजारी 4, दुसऱ्यात साडेसात. दिसायला कमी असलेला आकडा जवळपास दुपटीने वाईट निघाला.

हद्दवाढ

ताई-माई, घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नका, पाण्याच्या रात्री जा. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि काही भागांत ते अपरात्री येतं. तेव्हा मोटार लावायला, व्हॉल्व्ह बघायला बाईमाणूसच बाहेर येतं. त्या वेळी गल्लीत उजेड आहे का, शेजारची दारं उघडी असतात का, हे डोळ्यांनी बघा. पाण्याला जागी राहणारी गल्ली एका अर्थाने राखणदारच असते. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत ही जाग नसते, तिथे गेटवरचा माणूस रात्री खरंच असतो का ते तपासा.

खांब मोजा. किती आहेत यापेक्षा किती पेटतात ते लिहून ठेवा, आणि तीन वेगवेगळ्या रात्री. बसस्टॉप किंवा रिक्षा सोडते ती जागा ते घराचं दार, एवढं अंतर दहा वाजता चालून बघा. अर्धवट बांधकाम, झाडी वाढलेला रिकामा प्लॉट, कचऱ्याचा ढीग वाटेत किती लागतात? ढिगापाशी कुत्र्यांची टोळी असतेच, आणि पहाटे दूधवाला, पेपरवाला तिथून कसा जातो हे त्यालाच विचारा. एजंट सांगणार नाही ते तो सांगतो.

पूर्वभागकर

आमच्या पूर्व भागात चोरीची भीती कमी, कारण यंत्रमागांच्या रात्रपाळीमुळे माणसांचा राबता असतो. भीती आगीची आहे. 18 मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत 8 जीव गेले, आणि त्यातले काही जण कारखान्याच्याच इमारतीत राहणारे होते. खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी रचना असेल तर तीन गोष्टी बघा. सुताची पोती जिन्यात रचली आहेत का? वर राहणाऱ्यांना जिन्याशिवाय दुसरी वाट आहे का, आणि खिडक्यांना पक्की जाळी असेल तर तिला उघडणारं दार आहे का? मागांचं आणि घराचं वायरिंग वेगळं आहे का? शेजारी असा कारखाना असला तरी हेच बघा. सुती धूळ धुमसत राहते, धूर आधी वर चढतो.

गल्लीत टेप लावून रुंदी मोजा, पण रात्री, दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर. अग्निशामक गाडी साधारण अडीच मीटर रुंद असते. वळणावर त्याहून बरीच जास्त जागा लागते.

नाल्याकाठी

पाण्याचं थोडक्यात सांगतो. कंपाउंडच्या भिंतीवर आडवी मातकट रेघ, तिच्याखाली फुगलेला गिलावा आणि पांढरा क्षार दिसला की पाणी तिथवर चढलं होतं. नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांत असेल तर जास्तच संशय घ्या. महापालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखड्यावर नाला कुठून जातो ते बघा आणि जागेवर जाऊन तो तसाच वाहतोय का ते जुळवा. अडवलेला नाला पावसाळ्यात आपली जुनी वाट शोधतो.

गच्ची

एप्रिल-मेमध्ये उकाड्याने सगळं घर गच्चीवर झोपतं आणि खाली दार नुसतं लोटलेलं, नाहीतर बाहेरून साधं कुलूप. बातमीत नेहमी "कडी-कोयंडा उचकटून" असं येतं, ते का ते जवळून बघा. कुलूप चांगलं असतं, पण कोयंडा अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूंवर लाकडाला धरलेला असतो. कटावणी घातली की स्क्रू लाकडासकट निघतात, कुलूप तसंच लोंबकळत राहतं. दार बघताना कोयंडा हाताने हलवा. आरपार नटबोल्ट हवेत, नट आतल्या बाजूला.

शेजारच्या गच्चीवरून आपल्या गच्चीवर पाय टाकून येता येतं का, तेही बघा. लागून असलेल्या बैठ्या घरांत तीच वाट असते, म्हणून जिन्याच्या डोक्यावरच्या दाराला खालच्या दाराइतकंच मजबूत कुलूप हवं. जुनं घर घेतलं असेल तर सामान हलवायच्या आधी सगळी कुलपं बदला. किल्ल्या आधी किती हातांत फिरल्या, ते घरमालकालाही ठाऊक नसतं.