विषय: दूध पुरत नाही म्हणतायत सगळे (देवगडहून)

नमस्कार मंडळी,
बाळंतपणाला माहेरी आलेय, मुलगा झाला, आज नववा दिवस. जन्मला तेव्हा २.९ किलो होता, पाचव्या दिवशी २.७ आणि आज २.८ भरला. संध्याकाळी सहा ते दहा नुसता अंगावरच असतो, काढला की रडतो, आणि आजी म्हणते "तुझा दूध पुरणा नाय गो, वरचा दी". अळीवाची खीर चालू आहे, सुकी मोरी रोज ताटात. पाजताना इतकं दुखतं की तो जागा झाला की मला धडकी भरते. त्यात हा पाऊस, दिवसभर लंगोट धुतोय आणि एक वाळत नाही, आई शेगडीवर शेकवते. पावडरचा डबा आणून ठेवलाय, अजून उघडला नाही. कोणी सांगा ना काय करू.

---

उत्तर: दूध पुरत नाही म्हणतायत सगळे

अगं राणी, डबा राहू दे तसाच. लंगोट वाळत नाहीत म्हणतेस, म्हणजे ते ओले होतायत ना! उद्या सकाळपासून परवा सकाळपर्यंत मोज, सहा किंवा जास्त चांगले ओले आणि शी पिवळी असेल तर त्याला दूध मिळतंय. वजन तर चार दिवसांत १०० ग्रॅम चढलंय, पहिल्या दिवसांत थोडं उतरतं ते सगळ्यांचंच, आणि दोन आठवड्यांच्या आसपास बहुतेक बाळं जन्माच्या वजनावर येतात. संध्याकाळचं ते सलग पिणं या वयात नेहमीचं आहे, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पितात. जितकं ओढेल तितकं बनतं, वरचं दिलं की तो कमी ओढतो आणि मग खरंच कमी होतं.

दुखतंय ते मात्र सहन करू नकोस, बहुतेक वेळा पकड चुकलेली असते. त्याचं पोट तुझ्या पोटाला, नाक निप्पलसमोर, तोंड मोठ्ठं उघडेपर्यंत थांब आणि मग त्याला जवळ घे, नुसतं टोक नाही, खालचा काळा भाग जास्त आत जायला हवा, हनुवटी टेकलेली. दुखत राहिलं तर ओढून काढू नकोस, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडव, परत लाव. मी पहिल्या वेळी तीन आठवडे दात आवळून पाजलं गं, कोणी दाखवलंच नाही, म्हणून आज एवढं लिहितेय.

मोरी बंद कर. आजीच्या मायेला काही म्हणायचं नाही, पण मोरी म्हणजे शार्क, त्यात पारा जास्त असतो, पाजणाऱ्या आईने टाळावी. त्यापेक्षा मुडदुशी मागव. बाळाला मध, पाणी, गुटी काही नको, सहा महिने फक्त तुझं दूध. लंगोट कमी ओले झाले, बाळ सुस्त वाटलं, किंवा तुला ताप आला नि छाती लाल-कडक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.
रात्री रडू आलं तर मला फोन कर, इकडे तेव्हा दिवस असतो.
काकू

---

उत्तर: दूध पुरत नाही म्हणतायत सगळे

काकू, नऊ झाले! आजीला शेजारी बसवून मोजले. करंगळीचं जमलं तिसऱ्या वेळी, डाव्या बाजूला अजून दुखतं पण उजवीकडे तो पीत पीत झोपला आणि मी पण. बाबा खाडीवर गेलेत मुडदुशी बघायला.