टेकडीवर सायकलला तिकीट नको, पण आधी जमीन कुणाची ते बघा
डोंगरात सायकल चालवायला ‘तिकीट नको’ असं निवेदन काही सायकलवाले देणार आहेत, त्या मागणीला माझा पाठिंबाच आहे. पण ‘डोंगर सगळ्यांचा, परवानगी कशाची?’ हे त्यांचं म्हणणं सरसकट लागू होत नाही. गौताळा औट्रमघाट 1986 पासून अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथं परवान्याशिवाय आत जाता येत नाही, मग पायी जा नाहीतर सायकलवर. लढायचंच तर संभाजीनगरलगतच्या टेकड्यांसाठी लढू. तिथंही आधी सातबारा काढा. जमीन गायरान, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली निघाली, तर वनखात्याच्या दारात बसून काय उपयोग?

आणि ते समतल चर! पाऊस डोंगरातच मुरावा म्हणून उताराला आडवे चर खणतात, निघालेल्या मातीचा खालच्या अंगाला बांध घालतात. नेमक्या त्या बांधावरून सायकल उडवायची पोरांना भारी हौस. टायर जाऊन जाऊन बांधाला खाच पडते, वळवाच्या पहिल्या सरीत पाणी तिथूनच धावतं आणि खालचे बांधही फोडत जातं. उन्हाळा टँकरवर काढणारी गावं हे कशाला खपवून घेतील? वनरक्षक यायच्या आधी गुराखीच काठी घेऊन येतील, आणि त्यांचं काही चुकलं असं मी तरी म्हणणार नाही.

निवेदनात सरळ लिहा: सायकल फक्त गुरांच्या जुन्या वाटांवरून, वाट ओली असेल तेव्हा बंद, आणि उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढायला आमची माणसं येतील. फुकट प्रवेशाची मागणी त्याच्या खाली.