मदत हवी आहे: एक्सपीवरचा फोल्डर विंडोज ११ वर उघडत नाही, विंडोज ७ वर उघडतो

घरात तीन संगणक आहेत, तिन्ही एकाच राउटरला जोडलेले. सगळ्यात जुना विंडोज एक्सपीचा (सर्व्हिस पॅक ३), मधला विंडोज ७ चा लॅपटॉप आणि नवा विंडोज ११ प्रो, आवृत्ती २४एच२.

एक्सपी अजून ठेवलाय तो फक्त स्कॅनरसाठी. त्या स्कॅनरचा पुढच्या विंडोजसाठी ड्रायव्हरच नाही. सध्या आजीच्या हस्तलिखित वह्या स्कॅन करते आहे. कागद कडांना तुटतोय, त्यामुळे प्रत्येक पान एकदाच उघडायचं असं ठरवलंय. पान उलटण्याआधी स्कॅन नव्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर नीट पाहून घ्यायचा असतो, म्हणून दर पानाला पेन ड्राइव्ह काढा-लावा करणं जमत नाही.

सध्याची स्थिती अशी:
एक्सपी आणि ७ एकमेकांचे फोल्डर बिनतक्रार उघडतात.
११ वरून एक्सपी: नेटवर्क पाथ सापडला नाही, कोडच्या शेवटी ००३५.
११ वरून ७: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्याला प्रवेश नाही, अशा अर्थाचा संदेश. हा घरचा संगणक आहे, कुठल्याही संस्थेचा नाही!
एक्सपीवरून ११: तेही उघडत नाही.

दोन दिवस यातच गेले. कुठे चुकतंय?

प्रतिसाद
११ वर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का? पिंग जातो का? आणि नाव न टाकता थेट आयपी पत्ता टाकून पाहिलंत का?

धागाकर्ती
प्रायव्हेटच आहे. पिंग दोन्हीकडे जातो. एक्सपीचा पत्ता १९२.१६८.१.५ आहे, तो टाकूनही तोच एरर. शिवाय ११ च्या ‘नेटवर्क’ खिडकीत एक्सपी दिसतच नाही.

प्रतिसाद
११ मध्ये ‘विंडोज फीचर्स’ उघडा, एसएमबी १.० शोधा, त्यातल्या फक्त ‘क्लायंट’वर खूण करा आणि रीस्टार्ट करा. नव्या विंडोजमध्ये ते बंद असतं, म्हणून एक्सपी उघडत नाही.

प्रतिसाद
वरच्या प्रतिसादातलं निदान बरोबर आहे, पण तो उपाय करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फायली देताघेताना विंडोज एसएमबी नावाची बोली वापरतं. एक्सपीला तिची पहिली आवृत्तीच येते. व्हिस्टापासून दुसरी आली, विंडोज ७ ला २.१ पर्यंत येते आणि जुनीही येते. म्हणून तुमचा ७ दोघांशी बोलू शकतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो या पहिल्या आवृत्तीतल्याच एका भोकातून. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती मुळातच घातलेली नसते. शिवाय ती सुरू केली तरी तुमचं काम होईलच असं नाही. एक्सपीचं ‘सिंपल फाइल शेअरिंग’ येणाऱ्या प्रत्येकाला पाहुणा म्हणून आत घेतं आणि २४एच२ प्रो पाहुणा म्हणून कुठे जायलाच तयार नसतं. म्हणजे एक अडचण सुटली की दुसरी उभी.

‘नेटवर्क’ खिडकीत एक्सपी दिसत नाही याची काळजी सोडा. तिथली यादी नव्या पद्धतीनं भरते, एक्सपी जुन्या पद्धतीनं हाक देतो. यादीत न दिसणारा संगणकही पत्त्यानं उघडू शकतो.

आता ७ कडे या, तुमचा रस्ता तिथूनच आहे. तिथे तुम्ही कधीतरी ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद केलंय का? तो ‘संस्थे’चा संदेश त्यामुळेच येतो. शब्द कार्यालयांसाठी लिहिलेले आहेत, अर्थ एवढाच की बिनपासवर्डाचं चालणार नाही. ते पुन्हा सुरू करा. ७ वर एक साधं खातं तयार करा, त्याला पासवर्ड द्या (रिकामा नेटवर्कवरून चालत नाही). मग ‘वह्या’ असा एक फोल्डर शेअर करून त्या खात्याला लिहिण्याची परवानगी द्या, ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन्ही टॅबमध्ये. एक्सपीवर तो फोल्डर ड्राइव्ह म्हणून मॅप करा, स्कॅनरला थेट तिथेच सेव्ह करायला सांगा. ११ नं तोच फोल्डर उघडायचा. एक्सपी आणि ११ नं एकमेकांशी बोलायची गरजच उरत नाही.

धागाकर्ती
हो, मीच ते बंद केलं होतं, सारखा पासवर्ड विचारायचा म्हणून. आता सुरू केलं. एक्सपीवर ड्राइव्ह मॅप झाला, स्कॅनही तिथे जातोय. ११ मात्र पासवर्ड विचारतं आणि नाकारतं. माझा रोजचा पिन टाकून पाहिला, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्डही.

प्रतिसाद
पिन फक्त त्याच संगणकापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. इथे ७ वरचं खातं हवं. वापरकर्त्याच्या रकान्यात आधी ७ च्या संगणकाचं नाव, मग उलटा स्लॅश, मग खात्याचं नाव लिहा. नुसतं खात्याचं नाव दिलं तर कधी कधी ११ ते स्वतःचंच खातं समजतं. आधीचा चुकीचा पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जपला गेला असेल, तो तिथून आधी काढा.

आणखी एक. एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्ये थांबल्या, ७ च्या जानेवारी २०२० मध्ये. दोघांनाही आयपी पत्ता हातानं द्या, सबनेट २५५.२५५.२५५.० ठेवा आणि गेटवेचा रकाना रिकामा सोडा. घरातल्या घरात सगळं चालेल, इंटरनेटवर मात्र दोघं जाणार नाहीत. पत्ते राउटर वाटतो त्या टप्प्याबाहेरचे घ्या, नाहीतर एकच पत्ता दोघांना मिळेल.

धागाकर्ती
झालं! क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये खरंच जुनी नोंद होती. ती काढली, संगणकाच्या नावासकट खातं लिहिलं आणि फोल्डर उघडला. ११ वर पॉवरशेल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून गेट-एसएमबीकनेक्शन चालवलं, डायलेक्टच्या (एसएमबीच्या आवृत्तीच्या) रकान्यात २.१ दिसतंय. एसएमबी १.० ला हातही लावला नाही. गेटवे दोन्हीकडे रिकामे केलेत, एक्सपीवरून आता एकही संकेतस्थळ उघडत नाही.

आज पहिल्या वहीची सोळा पानं केली. नवव्या पानावर शाई फिकट आली होती, ते पान उलटायच्या आधीच मोठ्या पडद्यावर दिसलं आणि ६०० डीपीआयवर पुन्हा घेतलं. मनापासून आभार. धागा सुटला म्हणून खूण करते आहे.